खुशाली सांगणाऱ्या आठल्ये मिस

वसुधा आठल्ये यांचं आडनाव लखनौत कुणालाच नीट म्हणता आलं नाही. शाळेतली मुलं त्यांना ‘अठले मिस’ म्हणायची, भाजीवाला ‘अठलाजी’ म्हणायचा, आणि टेलिफोनच्या बिलावर तर दर खेपेला नवीनच काहीतरी छापून यायचं. त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. हाक आपल्यालाच मारली आहे एवढं कळलं की पुरे, असं त्या म्हणत.

मिरजेहून लग्न होऊन त्या त्रेसष्ट साली लखनौला आल्या. यजमान हरिहर औषध संशोधनाच्या संस्थेत शास्त्रज्ञ होते. सकाळी जात ते संध्याकाळी अंगाला रसायनांचा वास घेऊन येत. दोन वर्षं घरी बसून वसुधाबाईंना कंटाळा आला आणि त्यांनी निशातगंजमध्ये, पेपर मिल कॉलनीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवायला घेतला. शाळा एका जुन्या पिवळ्या बंगल्यात भरायची. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण रिक्षावाल्यापासून सगळे तिला ‘पीली कोठी’ म्हणायचे.

सहावीच्या नव्या वर्गाला त्या पहिल्याच दिवशी सांगत, “अपने घर से स्कूल तक का रास्ता बनाओ.” मग कुणी नाला काढायचा, कुणी मशीद, कुणी हलवायाचं दुकान. एका मुलाने वाटेतला चावणारा कुत्रा अगदी नीट काढला होता आणि शाळा काढायला जागाच उरली नव्हती. या खेळामुळे मुलांना नकाशा म्हणजे काय ते कळायचं आणि मिसना कोणतं मूल कोणत्या गल्लीतून येतं ते कायमचं कळायचं.

हरिहर शहाऐंशी साली हृदयविकाराने गेले. मुलगी प्रणिता लग्न होऊन भोपाळला गेली. बाई ब्याण्णवला निवृत्त झाल्या. त्या जुलैत शाळा उघडण्याच्या दिवशी त्या सवयीने साडी नेसून, डबा भरून, लुना अंगणात काढून उभ्या राहिल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. लुना परत आत ठेवली. डब्यातली पोळी-भाजी दुपारी स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ली. प्रणिताने संध्याकाळी फोनवर विचारलं, “आई, कैसा लगा आज?” प्रणिताला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायचं. “काही नाही गं, मस्त आराम केला,” असं त्यांनी सांगून टाकलं.

पीली कोठीतून शिकून बाहेर पडलेली बरीच मुलं तोपर्यंत परदेशात गेली होती. कुणी न्यू जर्सीत, कुणी टोरांटोत, कुणी दुबईत. अमेरिकेतली मंडळी वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी जमत, शाळेची प्रार्थना म्हणत, मास्तरांच्या नकला करत. एका वर्षी सगळ्यांनी मिळून शाळेला पाण्याचा मोठा कूलर पाठवला. मुख्याध्यापकांना आभार मानायला काही फुरसत झाली नाही. शेवटी वसुधाबाईंनीच एक कार्ड पाठवलं आणि खाली सहज आपला फोन नंबर घातला.

पहिला फोन आला तो नुज़हत किदवाईचा, टोरांटोहून. एके काळी ती वर्गात कायम खिडकीशी बसायची. आता तिच्या आवाजात रडू होतं.

“मिस, तीन दिवसांपासून अम्मीचा फोन लागत नाहीये. घंटी जातेय, कोणी उचलत नाही. मी कोणाला सांगू?”

मिसना ते घर माहीत होतं. पोस्टाच्या मागची गल्ली, दारात डाळिंब. त्यांनी लुना काढली. नुज़हतची अम्मी, किदवाई आपा, अंगणात उन्हात बसून मटार सोलत होत्या. रस्ता खणताना टेलिफोनची तार तुटली होती, एवढंच झालं होतं. मिसनी घरी येऊन परत फोनची वाट पाहिली आणि नुज़हतला सांगितलं, “तुझी अम्मी मटार सोलतेय. मलाही थोडे दिलेत.” पलीकडे नुज़हत हसली आणि मग खूप रडली.

ही गोष्ट त्या मुलांमध्ये पसरली. पुढच्या दोन वर्षांत रविवारची सकाळ म्हणजे आठल्ये मिसच्या फोनची वेळ होऊन बसली. मुलं आळीपाळीने फोन करायची. “मिस, पापांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जरा बघून याल?” “मिस, मम्मी म्हणते गॅस मिळतोय, पण मला खरं वाटत नाही.” मिस आठवडाभर लुनावरून फिरायच्या. निशातगंजच्या गल्ल्या, हज़रतगंजच्या मागचे जुने बंगले, नदीपलीकडे गोमती नगरात नवी नवी उठलेली घरं. कुठे पेन्शनच्या कागदावर सही करून घ्यायची असायची, कुठे नुसतं बसून चहा प्यायचा असायचा. रविवारी प्रत्येकाला त्याच्या घरची खुशाली मिळायची.

त्यांना हे सगळं मनापासून आवडत होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही त्यांना वाटत नव्हतं. फोनपाशी खुर्ची ओढून त्या रविवारी लवकरच बसत. कधी फोन यायला उशीर झाला तर मधेच रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना, हे बघत.

गोमती नगरात चंद्रशेखर मोघे राहत. युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, आता निवृत्त. हरिहरांची आणि त्यांची मराठी मंडळाच्या गणपतीतली ओळख, त्यामुळे ते वसुधाबाईंना ‘वहिनी’ म्हणत. त्यांची बायको यमुना चौऱ्याण्णव साली गेली. एकुलता मुलगा निरंजन ह्यूस्टनला होता. निरंजन पीली कोठीचा, आणि मिसच्या आवडत्यांपैकी. यमुनाबाई गेल्यानंतर काही महिन्यांनी त्याचा मिसना फोन सुरू झाला, तो एकही रविवार चुकला नव्हता.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात एका दुपारी वसुधाबाई मोघ्यांकडे गेल्या. धुकं दुपारपर्यंत उठलं नव्हतं. मोघ्यांनी स्वतः चहा केला, बशीत तीळ-गुळाची गजक ठेवली आणि समोर बसले. त्यांनी शाल दोनदा सारखी केली. बाईंच्या नजरेने सवयीने टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे धाव घेतली.

“मोजल्यात का?” मोघ्यांनी विचारलं.

“अहो, छे. सहज पाहिलं.”

“मोजा, मोजा. दोन जास्त आहेत. परवा आणि काल घेतल्या नाहीत.” त्यांनी पाकीट बाजूला सारलं. “वहिनी, एक बोलायचं होतं. राग मानू नका. पण तुम्ही इथे अशा येऊ नका.”

बाईंनी कप खाली ठेवला. “माझं काही चुकलं का, मोघेसाहेब?”

“चुकलं नाही. तुम्ही फार नीट करता, तोच तर प्रॉब्लेम आहे.” मोघे खिडकीबाहेर पाहत बोलत होते. “निरंजन आधी तुम्हाला फोन करतो, मग मला. माझ्यापर्यंत येतो तेव्हा त्याला सगळं ठाऊक असतं. मला तो काही विचारत नाही. सांगतो. बाबा, गोळी चुकवू नका. बाबा, गीझर दुरुस्त करून घ्या. बाबा, अंगणात अनवाणी जाऊ नका. झालं, फोन बंद.”

“त्याला काळजी वाटते तुमची.”

“वाटते, वाटू दे. पण पूर्वी त्याला विचारावं लागायचं. मी म्हणायचो, सब ठीक है. त्याला कळायचं म्हातारा थापा मारतोय. मग तो खोदून खोदून विचारायचा, मी चिडायचो, यमुना मधे पडायची. ती गेल्यावरही काही महिने आमचं तसंच चाललं होतं. अर्धा अर्धा तास भांडायचो आम्ही, वहिनी. केवढं बिल येत असेल त्याला. आणि भांडता भांडता मधेच तो सांगून जायचा की ऑफिसात कुणाशी पटत नाही, की परवा आईची आठवण आली. आता यातलं काहीच होत नाही.”

“मी त्याला काही सांगणार नाही यापुढे,” त्या म्हणाल्या.

“नुसतं तेवढ्याने भागायचं नाही. तुम्ही येऊन गेलात हे कळलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. मग त्याला माझ्या आवाजाकडे लक्ष द्यायची गरजच उरत नाही.” मोघे उठले आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली. “गजक घ्या. चौकातून आणवली आहे.”

बाईंनी गजक घेतली आणि रुमालात बांधली. तिथे खाववली नाही.

परत येताना निशातगंजच्या पुलावर टेम्पोंची ही गर्दी. लुना धरून त्या कडेला उभ्या राहिल्या. आधी त्यांना राग आला. उन्हातान्हात, थंडीत आपण या वयात फिरतो ते कुणासाठी? मग रागामागून लाज आली. घरी आल्यावर त्यांनी दोन दिवस कुणाकडे जायचं टाळलं. मोघे तिरसट आहेतच पहिल्यापासून, असं मनाशी म्हणून पाहिलं, पण मन ते ऐकेना.

तिसऱ्या दिवशी त्या किदवाई आपांकडे गेल्या. आपा गोऱ्यापान, बारीक, कायम पांढऱ्या दुपट्ट्यात. गप्पांच्या ओघात बाईंनी विचारलं, “आपा, नुज़हत काय म्हणते? मागच्या वेळी काय बोलली तुमच्याशी?”

आपा हसून म्हणाल्या, “हमसे क्या बोलेगी? आपसे बात कर लेती है ना, बहन. हमें तसल्ली हो जाती है.”

“पण फोन येतो ना?”

“ईद पर आया था.”

आपांच्या बोलण्यात तक्रार कुठेच नव्हती, आणि बाईंना तेच झोंबलं. नुज़हतचा त्यांना दर पंधरवड्याला फोन येत होता. तिची बदली, तिच्या मुलाचा दमा, नवं भाड्याचं घर, सगळं मिसना माहीत होतं. डाळिंबाच्या झाडाखाली बसलेल्या आईला मात्र यातलं फारच थोडं ठाऊक होतं. त्या दुपारी बाईंनी आपांना नातवाच्या दम्याबद्दल सांगितलं नाही. ते आपण सांगायचं नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

रविवारी पहिला फोन निरंजनचाच आला.

“मिस, नमस्ते. बाबा कसे आहेत? बीपीची गोळी?”

“निरंजन, ते तू त्यांनाच विचार.”

“विचारेन ना. पण तुम्ही गेला होतात ना या आठवड्यात?”

“गेले होते. आता जाणार नाही. म्हणजे तू सांगतोस म्हणून जाणार नाही. काही अडलं-नडलं, आजारपण आलं, तर त्यांनी हाक मारू दे नाहीतर तू मार, मी धावत जाईन. पण दर रविवारी त्यांचं प्रगतिपुस्तक मी तुला वाचून दाखवणार नाही.”

मग निरंजन हिंदीवर गेला. लहानपणीही वर्गात अडचणीत आला की तो असाच हिंदीवर जायचा. “मिस, आप नाराज़ हैं क्या? वो मुझे सच नहीं बताते. आप बताती हैं.”

“मग खोटं ऐक. पण त्यांच्या तोंडून ऐक.”

“मिस, मी इतक्या लांबून...” तो थांबला. “मी काय करू शकतो इथून? निदान कळायला तर हवं मला.”

“तुला कळेल, बाळा. जरा वेळ लागेल.”

त्याने बराच थंड असा नमस्कार केला आणि फोन ठेवला. नंतर आलेल्या प्रत्येकाला मिसनी हेच सांगितलं. नुज़हतने घाईने फोन ठेवला. दुबईच्या एकाने सरळ विचारलं, मिस, तुम्हाला त्रास होत असेल तर तसं सांगा ना. एकीने नंतर कधी फोनच केला नाही. एप्रिल उजाडेपर्यंत बाईंच्या रविवारच्या सकाळी शांत झाल्या होत्या. फोनजवळची खुर्ची त्यांनी परत जेवणाच्या टेबलाशी नेऊन ठेवली. आपण बरोबर केलं की एका प्राध्यापकाच्या विक्षिप्तपणापायी इतक्या म्हाताऱ्या माणसांना वाऱ्यावर सोडलं, हे त्यांना ठरवता येईना. किदवाई आपांकडे त्या जात राहिल्या, पण आता नुसत्या मैत्रीण म्हणून.

जूनमध्ये, दसहरी आंब्यांनी बाजार भरला होता तेव्हा, निरंजनचा फोन आला. कित्येक महिन्यांनंतर त्याचा आवाज ऐकून बाईंना बरं वाटलं, पण तो घाईत होता.

“मिस, तुम्ही मला काही सांगू नका. मीच सांगतो. बाबांना काहीतरी झालंय.”

“ते म्हणाले तसं?”

“ते म्हणतात सब ठीक है. पण मिस, त्यांचा फोन पॅसेजमध्ये आहे, खोलीच्या दाराशीच. पूर्वी दोन-तीन घंट्यांत उचलायचे. या महिन्यात मला वाटतं लाइनच गेलीय, इतका वेळ लागतो. आणि उचलल्यावर पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू येतो. मी विचारलं, तर म्हणाले बागेत होतो. मिस, जूनच्या उन्हात कोण बागेत असतं लखनौत? आणि आज बोलता बोलता त्यांच्याकडे काठी पडल्यासारखा आवाज झाला. बाबांकडे काठी नाहीये.”

बाई लुनाची किल्ली शोधतच होत्या. “निघालेच,” त्या म्हणाल्या.

मोघ्यांनी दार उघडायला खरंच फार वेळ लावला. हातात खिडकीच्या पडद्याचा लाकडी दांडा होता, त्यावर भार टाकून उभे होते. उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. तीन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पाय सरकला होता.

“कोणी सांगितलं तुम्हाला?” त्यांनी विचारलं. आवाजात राग होता.

“निरंजनने.”

“त्याला कोणी सांगितलं? मी तर काही बोललो नाही.”

“तुम्ही फोन उचलायला उशीर करता म्हणाला. श्वास ऐकला म्हणाला. काठीचा आवाज ऐकला.”

मोघे हळूहळू खुर्चीत टेकले. दांडा मांडीवर आडवा ठेवून म्हणाले, “श्वास ऐकला त्याने?”

“हो.”

“गाढव आहे,” मोघे म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

गुडघ्याच्या वाटीला बारीक तडा होता. प्लास्टर लागलं. निरंजन रजा काढून तीन आठवडे आला. बाई अधूनमधून डबा घेऊन जात, तेव्हा फाटकापासूनच बापलेकांचे आवाज ऐकू येत. गीझरवरून, वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यांवरून, यमुनाबाईंच्या साड्या कुणाला द्यायच्या यावरून त्यांचं जुंपलेलं असे. एकदा बाई आत गेल्या तर दोघंही गप्प बसले होते, मधे साड्यांचा ढीग होता, आणि निरंजनचे डोळे लाल होते. त्या डबा ओट्यावर ठेवून तशाच परत आल्या.

जायच्या आदल्या आठवड्यात निरंजन म्हणाला, “मिस, पीली कोठी बघून येऊ या का?” शाळा नुकतीच उघडली होती. मधल्या सुट्टीत दोघं गेले. त्यांनी पाठवलेला कूलर व्हरांड्यात उभा होता, चालू होता, आणि मुलं ओंजळी लावून पाणी पीत होती. निरंजनने देणाऱ्यांच्या पाटीवर आपलं नाव शोधलं. एका मुलाने त्याला “अंकल, ज़रा हटिए” म्हटलं, तसा तो बाजूला झाला.

“तुम्ही तिकडे दरवर्षी जमता, तेव्हा काय बोलता रे?” बाईंनी विचारलं.

“शाळेबद्दलच. कोण कुठे बसायचं, कोणाला छडी मिळाली. खूप हसतो, मिस.”

“आणि घरच्यांबद्दल?”

निरंजन मुलांकडे पाहत राहिला. “त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही,” तो म्हणाला. “एकदा शारिकने त्याच्या अब्बूंचा विषय काढला, तर सगळे एकदम चुप. थोड्या वेळाने कोणीतरी परत प्रार्थना सुरू केली.” त्याने हात पाठीमागे बांधले, अगदी बापासारखे. “शाळेची आठवण काढायला सोपी आहे, मिस. शाळा म्हातारी होत नाही. आपण नाही गेलो तरी ती वाट बघत बसत नाही.”

घंटा झाली, मुलं वर्गात पळाली, आणि ती दोघं उन्हातून फाटकापर्यंत चालत आली.

त्यानंतर निरंजन दर हिवाळ्यात येऊ लागला. नुज़हत सत्त्याण्णवला मुलाला घेऊन आली, दोन महिने राहिली. आपांनी नातवाचा दमा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि त्याच्यासाठी काढे उकळले. दुबईचा मुलगा आला नाही. त्याचे वडील पुढच्या वर्षी गेले तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला. बाई स्मशानात गेल्या होत्या. आपण दर रविवारी सांगत राहिलो असतो तर तो आधी आला असता का, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधीच पुरता गेला नाही, आणि तो घालवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

मुलांचे फोन येत, पण कमी. आता बातम्या दुसऱ्याच वाटेने येऊ लागल्या. मोघे सोमवारी फोन करून सांगत, “वहिनी, ऐकलंत का, निरंजनच्या घरात मुंग्या झाल्यात. मी त्याला हळद टाक म्हणालो, तर म्हणे इथे चालत नाही. का चालत नाही?” किदवाई आपा नुज़हतच्या नव्या घराचं वर्णन असं करत की जणू स्वतः राहून आल्या आहेत. मिस ऐकून घेत, आणि आपल्याला आधीच ठाऊक असलं तरी “हो का?” म्हणत.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात त्यांना डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं. दोनदा लुना खड्ड्यात गेली. प्रणिताचा फोन आला, नेहमीसारखं तिने विचारलं, “आई, कैसी हो?” आणि बाईंच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलंच होतं. ते त्यांनी गिळलं.

“बरी नाहीये गं,” त्या म्हणाल्या. “डोळ्याने दिसत नाहीये मला नीट.”

मग प्रणिता म्हणाली, “कधीपासून?” मराठीत.

“चार महिने झाले असतील.”

“चार महिने? आणि तू लुना चालवतेस? आई, तू काय...” आणि प्रणिता जी सुटली ती सुटली. हिंदी, मराठी, काय तोंडाला येईल ते. बाईंनी टेबलाजवळची खुर्ची पायाने ओढून घेतली, नीट बसल्या, आणि लुना मुळीच विकणार नाही म्हणून वाद घालायला लागल्या.